मॅडमचे जंतू

मे २०२४, दुपारचे तीन. वसई पूर्वेच्या आमच्या गाळ्यात पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होता. मी आंब्याची पेटी द्यायला न सांगता गेले होते. मागच्या बाजूला मोरी आहे, तिथे नवा पोरगा स्प्रे गन धूत होता. गनमधून निघणारं पाणी करडं, पातळ केलेल्या दुधासारखं. त्याने बादली उचलली आणि तो थांबला, बहुतेक मला बघून. बाबा भट्टीपाशी पाठमोरे होते. त्यांनी मागे न बघताच आवाज दिला,

“डाल दे, डाल दे. मॅडम बोली है, जंतू खा जाते हैं.”

मॅडम म्हणजे मी.

पाणी मोरीत गेलं. आमच्या मोरीचं पाणी गटारात जातं, गटार नाल्यात आणि नाला खाडीला. मी पेटी टेबलावर ठेवली. बाबा हात पुसत आले, पेटी उघडून वास घेतला, म्हणाले, “अजून दोन दिवस लागतील.” मी हो म्हटलं. त्या दिवशी मी त्यांना काहीच बोलले नाही. बोलायला मला पुढे तीन आठवडे लागले.

बाबा नॉनस्टिक कोटिंगचं जॉबवर्क करतात. तुमच्या घरात जो काळा तवा आहे, तो कंपनीत एका जागी बनतो असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नसतं. ॲल्युमिनियमचं सर्कल कुठेतरी दाबलं जातं, त्याचा तवा होतो, तो टेम्पोने आमच्यासारख्यांकडे येतो. आम्ही त्याचं तेल काढतो, ब्लास्टिंग करून पृष्ठभाग खरखरीत करतो, प्रायमर मारतो, वर एक किंवा दोन हात कोटिंगचे आणि मग भट्टीत, चारशे अंशांच्या आसपास. कोटिंग म्हणजे पाण्यात तरंगणारे पीटीएफईचे बारीक कण. पीटीएफई म्हणजे ज्याला सगळे टेफ्लॉन म्हणतात ते. भट्टीत ते कण वितळल्यासारखे होऊन एकमेकांना चिकटतात आणि मग त्यांना दुसरं काहीच चिकटत नाही. तवा परत टेम्पोत. त्याला हँडल लावणारा तिसराच, खोक्यात भरणारा चौथा. बाबांना नगामागे पैसे मिळतात आणि रिजेक्ट निघालेला नग त्यांच्या अंगावर पडतो. २००४ पासून हेच चाललंय. माझी शाळा, कॉलेज, नालासोपाऱ्याची वन-बीएचके, सगळं त्या काळ्या थरावर उभं आहे.

मी लहान असताना बाबांना अधूनमधून रात्री ताप यायचा. थंडी वाजायची, छाती जड व्हायची, खोकला. सकाळी उठेपर्यंत गायब. आई काढा द्यायची. गाळ्यातल्या सगळ्यांना तो यायचा आणि सगळे त्याला ‘कोटिंगचा ताप’ म्हणायचे, जणू तो पगाराचाच भाग. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना एकदा वाचता वाचता मला त्याचं खरं नाव सापडलं: पॉलिमर फ्यूम फीव्हर. पीटीएफई प्रमाणाबाहेर तापलं की त्याचा जो धूर होतो त्याने येणारा ताप. आणि हा ताप विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना जास्त येतो, कारण हाताला लागलेली पावडर विडीला लागते आणि विडीचं टोक भट्टीपेक्षा कितीतरी जास्त गरम असतं. (ह्याच धुराने पिंजऱ्यातले पक्षी मरतात. घरात पोपट असेल आणि रिकामा नॉनस्टिक तवा गॅसवर राहिला असेल, तर पोपट आधी जातो.)

मी बाबांना सांगितलं, विडी गाळ्याबाहेर आणि हात साबणाने धुऊनच. त्यांनी ऐकलं. गाळ्यात नियम केला, भट्टीवरचा एग्झॉस्टही बदलून घेतला. ताप यायचा बंद झाला. गाळ्यातल्या माणसांनी तेव्हापासून मला ‘मॅडम’ म्हणायला सुरुवात केली आणि बाबा मी सांगितलेली कुठलीही गोष्ट तपासेनासे झाले. इथूनच पुढचं सगळं बिघडलं असं मला वाटतं. एकदा बरोबर निघालेल्या माणसाला पुढच्या वेळी कुणी उलट प्रश्न विचारत नाही.

एमएस्सीला माझा प्रोजेक्ट होता फ्लोरोॲसिटेट डिहॅलोजिनेज नावाच्या एन्झाइमवर. विषय मी निवडला नव्हता, सरांनी दिला होता, पण फ्लोरिनचं नाव ऐकल्यावर मला तो आपला वाटला. घरचाच म्हणा ना.

फ्लोरोॲसिटेट म्हणजे व्हिनेगरमधल्या ॲसिटेटचा एक हायड्रोजन काढून त्या जागी फ्लोरिन बसवलेला. बदल एवढासाच, पण त्याने साध्या पदार्थाचं भयंकर विष होतं. दक्षिण आफ्रिकेत गिफब्लार नावाचं एक बुटकं झुडूप आहे. त्याची हिरवी पानं खाऊन गुरं पटापट मरायची. १९४० च्या दशकात तिथल्या संशोधकांनी शोधून काढलं की त्या पानांत फ्लोरोॲसिटेट आहे. ऑस्ट्रेलियातही काही झुडपांत ते सापडतं. गंमत म्हणजे फ्लोरोॲसिटेट स्वतः फारसं काही करत नाही. पेशीला ते ॲसिटेटच वाटतं, पेशी त्याला आत घेते, नेहमीच्या कामाला लावते आणि त्यातून फ्लोरोसायट्रेट बनवते. ते फ्लोरोसायट्रेट ऊर्जा तयार करण्याच्या चक्रात अडकून बसतं आणि चक्र बंद पडतं. रुडॉल्फ पीटर्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने याला ‘प्राणघातक संश्लेषण’ म्हटलं. विष बाहेरून येत नाही, आपणच शिजवतो.

पण जिथे ही झुडपं आहेत तिथे पानं गळणार, कुजणार. मातीतल्या जिवाणूंना हे विष लाखो वर्षं ओळखीचं आहे. १९६५ मध्ये पीटर गोल्डमन यांनी मातीतल्या एका जिवाणूतून असं एन्झाइम काढून दाखवलं की जे फ्लोरोॲसिटेटमधला कार्बन आणि फ्लोरिन यांच्यातला बंध तोडतं. हा बंध सेंद्रिय रसायनशास्त्रातला सगळ्यात चिवट एकेरी बंध मानला जातो. आकड्यांत सांगायचं तर तोडायला साधारण ४८५ किलोज्यूल प्रति मोल लागतात. कार्बन-क्लोरिनला ३३० च्या आसपास पुरतात. आणि हे एन्झाइम ते काम करतं कसं, तर साध्या तापमानाला, कुठलाही धातू न वापरता, फक्त पाण्याने.

आमच्याकडे होतं ते एन्झाइम ऱ्होडोस्यूडोमोनास पॅलुस्ट्रिस या दलदलीत राहणाऱ्या जांभळट जिवाणूचं. त्याचा जीन आम्ही ई. कोलायमध्ये घातला होता. टोरंटोच्या एका गटाने २०११ मध्ये याच एन्झाइमचे स्फटिक करून, अभिक्रिया चालू असताना वेगवेगळ्या टप्प्यांवर आत काय असतं ते दाखवलं होतं. ती चित्रं मी माझ्या होस्टेलच्या भिंतीला चिकटवली होती. एन्झाइमच्या पोटात एक खोबण आहे, अगदी छोटी. फ्लोरोॲसिटेट तिच्यात बसलं की एका बाजूने तीन अमिनो आम्लं, हिस्टिडीन, ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन, फ्लोरिनला तिन्हीकडून धरतात. समोरच्या बाजूने ॲस्पार्टेट नावाचं अमिनो आम्ल कार्बनवर पाठीमागून वार करतं. पाठीमागून म्हणजे फ्लोरिनच्या बरोबर विरुद्ध बाजूने. धरलेला फ्लोरिन सुटतो आणि त्याचं फ्लोराइड होतं. कार्बन आता एन्झाइमलाच चिकटलेला असतो. मग दुसरं एक हिस्टिडीन पाण्याच्या रेणूला कामाला लावतं, पाणी ती चिकट सोडवतं आणि बाहेर पडतं ग्लायकोलेट, एक निरुपद्रवी पदार्थ. एन्झाइम पुन्हा मोकळं. मला हे वाचताना भजी तळणाऱ्या बाईचा हात आठवायचा. एका हाताने धरायचं, दुसऱ्याने सोडायचं आणि पुढच्या घाण्याला लागायचं.

बंध तुटला हे कळतं कसं? सुटलेलं फ्लोराइड मोजून. त्यासाठी एक इलेक्ट्रोड असतो, टोकाला लँथॅनम फ्लोराइडचा स्फटिक. द्रावणात फ्लोराइड वाढलं की मिलिव्होल्टचा आकडा खाली जातो. दहापट वाढलं की साधारण ५९ ने खाली. फेब्रुवारी २०२२ मधल्या एका रात्री, साडेनऊच्या सुमाराला, चार महिन्यांत पहिल्यांदा तो आकडा खाली जायला लागला. आधी मला वाटलं इलेक्ट्रोड बिघडलाय. एन्झाइम उकळून मारून टाकलेली नळी मोजली. आकडा ढिम्म. जिवंत एन्झाइमची नळी परत मोजली. परत खाली.

लॅबमध्ये कुणी नव्हतं. फ्लोरोॲसिटेटच्या बाटलीचं कपाट कुलूप लावून बंद केलं, चावी रजिस्टरमध्ये लिहून ठेवली आणि जिन्यात उभं राहून बाबांना फोन लावला.

“बाबा, आमचं एन्झाइम चाललं!”

“चाललं म्हणजे?”

“म्हणजे तुमच्या कोटिंगमध्ये जो बंध असतो ना, कार्बन आणि फ्लोरिनचा, तो तुटतच नाही म्हणतात. तो जंतू तोडतात. आज मी स्वतः बघितलं. खाऊन टाकतात.”

बाबा जरा थांबले. पलीकडे आमच्या टीव्हीचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, “आपल्या मोरीतलं पण?”

आणि मी म्हणाले, “निसर्गात सगळं खाणारं कुणीतरी असतंच, बाबा.”

हे वाक्य मी इतक्या सहज बोलले की मला ते नंतर आठवलंही नाही. गाळ्यात त्या दुपारी ते परत ऐकलं तेव्हा आठवलं.

आधी काय व्हायचं ते सांगायला हवं. आधी बाबा गन आणि बूथ धुतलेलं पाणी एका ड्रममध्ये साठवायचे. दोन-चार दिवसांत खाली गाळ बसायचा. तो गाळ महिन्यातून एकदा एक टेम्पोवाला घेऊन जायचा, पैसे घेऊन. तो कुठे नेतो ते बाबांनी कधी विचारलं नाही. पण ड्रम होता, गाळ वेगळा होता आणि ‘हे असंच सोडायचं नसतं’ एवढी जाणीव होती. माझ्या फोननंतर त्यांनी टेम्पोवाला बंद केला. चार पैसे वाचले आणि मुलीच्या शिक्षणाचा असाही उपयोग झाला, याचं त्यांना कौतुक होतं. शेजारच्या गाळेवाल्यालाही त्यांनी सांगितलं होतं म्हणे.

आता माझं वाक्य नेमकं कुठे खोटं होतं ते.

आमचं एन्झाइम ज्यावर चालतं त्या रेणूत फ्लोरिन एकच आहे आणि त्याच्या कार्बनवर बाकी दोन हायड्रोजन. पाठीमागून वार करायला जागा आहे. आता दोन फ्लोरिन बसवा. बंध आणखी घट्ट होतात, कारण एकाच कार्बनवर जितके फ्लोरिन जास्त तितके ते एकमेकांना बळ देतात. एन्झाइम रखडतं. तीन बसवा, म्हणजे ट्रायफ्लोरोॲसिटेट, आणि ते त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आणि आपण ज्यांना ‘फॉरेव्हर केमिकल्स’ म्हणतो, ती पीफास रसायनं, त्यांच्यात तर कार्बनची लांब साखळी असते आणि साखळीभर फ्लोरिनच फ्लोरिन. पीएफओए घ्या. आठ कार्बन, पंधरा फ्लोरिन. साखळीवर हायड्रोजन एकही नाही. कार्बनपर्यंत पोचायला फटच नाही. आणि ती साखळी आमच्या एन्झाइमच्या त्या चिमुकल्या खोबणीत शिरतसुद्धा नाही. पीटीएफई तर त्याहून पुढचं, हजारो कार्बनांची साखळी. त्याला खाणं सोडा, चाटणंही शक्य नाही.

पीएफओए यात कुठून आलं? पीटीएफईचे कण पाण्यात तयार करताना ते साबणासारखं वापरलं जायचं आणि थोडं मागे राहायचं. अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी ते २०१५ पर्यंत बंद केलं, २०१९ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं. आता आमच्या डब्यांवरही ‘पीएफओए-फ्री’ छापलेलं असतं. त्याऐवजी काय घातलंय ते छापलेलं नसतं. आणि बाबा २००४ पासून हे काम करतायत.

मग कुठलाच जिवाणू हे खात नाही का? इथे मी सावधपणे बोलणार आहे, कारण बेसावध बोलण्याचा परिणाम वर सांगितलाच. २०१९ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी न्यू जर्सीच्या पाणथळ मातीतल्या ॲसिडिमायक्रोबियम ए-६ या जिवाणूबद्दल लिहिलं की शंभर दिवसांत त्याने पीएफओए आणि पीएफओएस जास्तीत जास्त साठ टक्क्यांपर्यंत कमी केलं. त्याला ऑक्सिजन नको, लोह आणि अमोनियम हवं आणि तो अतिशय सावकाश वाढतो. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या गटाने ॲसिटोबॅक्टेरियम जिवाणूंमधलं एक एन्झाइम दाखवलं, पण ते चालतं ते दुहेरी बंध असलेल्या मोजक्या रेणूंवर. त्या दुहेरी बंधामुळे पकडायला एक जागा मिळते. दोन्ही कामं खरी आहेत, मोठी आहेत. बंद बाटलीत, शंभर दिवस, हवा काढून. आमच्या गटारात यातलं काहीच नाही.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा नीट कळली, तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बंध तोडला की फ्लोराइड सुटतं, आणि फ्लोराइड जिवाणूला विष आहे. इतकं जुनं विष की ते बाहेर फेकायला जिवाणूंनी खास दारं बनवून ठेवली आहेत. येलच्या रॉन ब्रेकर यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की अनेक जिवाणूंमध्ये फ्लोराइड ओळखणारा आरएनएचा एक स्विच असतो. फ्लोराइड वाढलं की तो स्विच लागतो आणि ते बाहेर काढणारी प्रथिनं बनायला लागतात. फ्लोरोॲसिटेटचा एक रेणू खाल्ला तर एक फ्लोराइड. पीएफओएचा एक रेणू पूर्ण फोडला तर पंधरा. मिनेसोटाचे लॅरी वॅकेट गेली काही वर्षं हेच मांडतायत की निसर्गात हे काम इतकं दुर्मीळ का, याचं एक उत्तर इथे आहे. बंध चिवट आहे हे झालंच, पण तो तोडणाऱ्याला त्याची किंमतही मोजावी लागते. आपण म्हणतो जंतू ‘खातात’. त्या शब्दात त्यांना भूक लागलीय, पंगत बसलीय असं काहीतरी येतं. खरं म्हणजे अशा जेवणात घासागणिक त्यांच्या पोटात विष सुटत असतं.

यातलं मला २०२२ मध्ये काय माहीत होतं? लाजेने सांगते, बरंचसं. खोबण किती लहान आहे ते माझ्या भिंतीवर होतं. ट्रायफ्लोरोॲसिटेटवर एन्झाइम चालत नाही हे मी स्वतः वाचलं होतं. तरी माझ्या प्रबंधाची पहिली ओळ काय होती? फॉरेव्हर केमिकल्स ही जगापुढची मोठी समस्या आहे, इत्यादी. माझ्याच नाही, त्या विषयावरचे मी वाचलेले जवळपास सगळे पेपर असेच सुरू व्हायचे. झुडपाच्या विषावर चालणारं एन्झाइम म्हटलं की कुणी वळून बघत नाही, प्रस्तावनेत पीफास आलं की बघतात. सगळे जाणकार ते वाक्य वगळूनच पुढे वाचतात. जाणकार नसलेला एकच वाचक मला होता. त्याला मी प्रस्तावनाच फोनवर ऐकवली आणि त्याने ती निष्कर्ष म्हणून घेतली.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, मी त्यांना सांगितलं. आधी धीर गोळा करायला ‘डार्क वॉटर्स’ लावला, वेस्ट व्हर्जिनियातल्या पीएफओएच्या खटल्यावरचा सिनेमा. बाबा गाई मरतात तिथपर्यंत जागे होते, मग घोरायला लागले. शेवटी चहाच्या वेळी सरळच बोलले.

“बाबा, मोरीत पाणी टाकता ना, ते जंतू खात नाहीत.”

“तूच म्हणाली होतीस.”

“चुकीचं म्हणाले होते.”

ते बराच वेळ कपाकडे बघत बसले. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. माझ्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले नव्हते इतके चांगले प्रश्न.

“म्हणजे खातात हे खोटं?”

“खोटं नाही. दुसऱ्या गोष्टीबद्दल खरं आहे. एका झाडाच्या विषाबद्दल.”

“मग हे विष झाडात नसतं का?”

“नसतं. हे माणसाने १९४० च्या सुमाराला बनवायला घेतलं. जंतूंना ते अजून नवं आहे.”

“शिकतील की.”

“शिकतीलही. पण तुमच्या-माझ्या हयातीत आपल्या नाल्यात शिकतील असं मी परत नाही म्हणणार.”

मग विचारलं, “माझ्या अंगात असेल?” मी म्हटलं, असेल, थोडंफार बहुतेक सगळ्यांच्या असतं, तुमच्या जास्त असू शकेल. वेस्ट व्हर्जिनियात हजारो लोकांची तपासणी झाली होती. तिथल्या शास्त्रज्ञांच्या समितीने २०१२ पर्यंत सहा आजारांशी पीएफओएचा संबंध संभवतो असं सांगितलं: मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कॅन्सर, थायरॉईडचे विकार, मोठ्या आतड्याची सूज, वाढलेलं कोलेस्टेरॉल, गरोदरपणातला रक्तदाब. बाबांनी यादी शांतपणे ऐकली. कोलेस्टेरॉलपाशी म्हणाले, “ते तर मला आहेच.” मी म्हटलं, ते वड्यापावाचंही असू शकतं. दोघेही हसलो, पण आई हसली नाही. ती दर रविवारी खाडीची कोळंबी आणते. ती उठून आत गेली आणि फ्रीज उघडून नुसती उभी राहिली.

बाबांनी एका जुन्या चलनाच्या पाठीमागे हिशोब मांडला. दिवसाला दोन बादल्या, महिन्याचे सव्वीस दिवस, फेब्रुवारी २०२२ पासून सत्तावीस महिने. चौदाशे चार बादल्या. तो कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. का ठेवला ते मी विचारलं नाही.

“आमचं एवढंसं पाणी,” नंतर ते म्हणाले, “मोठे कारखानेवाले काय करत असतील?”

तेव्हा माझ्याकडे सांगायला अमेरिकेचीच गोष्ट होती. पुढच्या वर्षी, जून २०२५ मध्ये, इटलीतल्या विचेंझाच्या न्यायालयाने मिटेनी नावाच्या पीफास कारखान्याच्या अकरा माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. त्या भागातलं लाखो लोकांच्या पिण्याचं पाणी दूषित झालं होतं. कारखाना २०१८ मध्येच दिवाळखोरीत गेला होता. त्याची यंत्रसामग्री लिलावात एका भारतीय कंपनीने घेतली आणि ती जहाजाने आली रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामला. ही बातमी मी बाबांना वाचून दाखवली. आमचं गाव खेड तालुक्यातलं, लोट्यापासून फार लांब नाही. बाबा म्हणाले, “लोट्याला? आपल्या?” आणि मग, थोड्या वेळाने, “तिकडे पण कुणाची तरी मुलगी शिकत असेल.” मला हे टोचलं, पण त्यांना टोचायचं नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटलं असावं, की कुणीतरी समजावून सांगणारं असेल.

मी आता एन्झाइमवर काम करत नाही, अंधेरीत एका अन्न तपासणीच्या लॅबमध्ये आहे. सरांच्या लॅबमध्ये पुढची मुलं ती खोबण रुंद करायच्या मागे आहेत, एकेक अमिनो आम्ल बदलून. मध्ये एकीने फोनवर सांगितलं की दोन फ्लोरिनवाल्या रेणूवर त्यांचा आकडा जरा खाली सरकला. मी तिला विचारलं, उकळलेल्या एन्झाइमची नळी मोजलीस ना? मोजली होती. मला मनापासून आनंद झाला. हे फोन मी बाबांना सांगत नाही.

गाळ्यात ड्रम परत आलाय. टेम्पोवाल्याला मात्र बाबांनी बोलावलं नाही. तळोज्याला घातक कचऱ्याची विल्हेवाट लावायचं केंद्र आहे, तिथे द्यायचं तर आधी आपल्या नावावर तशी नोंद लागते, कागद लागतात. तेवढ्याशा गाळासाठी कोण येणार, असं दोघा-तिघांनी तोंडावर सांगितलं. अर्ज भरलाय, दोनदा परत आलाय, तिसऱ्यांदा भरलाय. तोवर गाळ साठतोय. बाबांनी गन धुवायच्या आधी कपड्याने पुसून घ्यायला लावलंय, पाणी दोन बादल्यांवरून अर्ध्यावर आलंय. शेजारच्या गाळेवाल्याकडेही ते स्वतः जाऊन आले. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आधी म्हणता टाका, आता म्हणता टाकू नका.”

गेल्या महिन्यात गेले तेव्हा मागच्या भिंतीला सहा निळे ड्रम ओळीने उभे होते आणि सातवा अर्धा भरलेला. प्रत्येकावर मार्करने तारीख. कॉम्प्रेसर हलवून दाराजवळ आणावा लागलाय, त्यामुळे आत शिरताना अंग चोरूनच शिरावं लागतं. तो पोरगा, आता तो नवा राहिला नाही, सातव्या ड्रमवर झाकण दाबत होता. मला बघून म्हणाला,

“मॅडम, इनको कब खाएंगे?”

बाबा भट्टीपाशी होते. या वेळी ते मागे वळून बघत होते, मी काय सांगते ते ऐकायला.

“नहीं खाएंगे,” मी म्हटलं. “ढक्कन ठीक से लगा.”